तीन काठ्या

एंटेबेच्या सरोवराकाठी
पाहुणे दोन मजल्यांवर उतरलेत.
मधला मजला रिकामा ठेवलाय,
त्याचं भाडं आमच्या खात्यावर.

सेंपिजा शिंपी विचारतो,
साहेब, टेबलावर झेंडे किती?
आपला एक, शेजारच्या सरकारचा एक.
आणि वरच्यांचा?
वरच्यांना देशच नाही, म्हणतात खालचे,
तिसरा झेंडा दिसला तर आमचं विमान परत.
नाही दिसला तर आम्ही रानात परत,
म्हणतात वरचे.

शेजाऱ्यांच्या राजदूतानं काल हळूच विचारलं,
त्यांच्या पायातले नवे बूट
कुठल्या कारखान्यातले हो?
मी चहा ढवळत राहिलो.
साखर घातलीच नव्हती.

आठव्या आठवड्यात तोडगा निघाला :
नुसत्या काठ्या लावा, तिन्ही.
सेंपिजानं पितळ चिंचेनं घासून आणलं.
बैठक अकरा मिनिटं चालली,
त्यातली चार फोटोंची.

इशाशाला दिलेली त्याची बहीण
रात्री फोन करते :
नदीपलीकडून माणसं येतायत अजून,
डोक्यावर गाद्या, गादीवर कोंबडी बांधलेली.
माझ्या ओसरीत आता पाय ठेवायला जागा नाही.
तुमचं कुठवर आलंय?

तो फोनवर हात ठेवून
माझ्याकडे बघतो.

काठ्यांपर्यंत, मी म्हणतो.
सांग तिला, काठ्यांपर्यंत.