पुंगळ्या

परवाना तीनशे पंधराचा. कारण : पीकसंरक्षण.
जीव मात्र थ्री-नॉट-थ्रीत.
ती सरकारची, घरात ठेवायची नाही,
हे कृष्णातमामा अशा आवाजात सांगायचे
की ऐकणाऱ्याला वाटावं, मोडलेल्या सोयरिकीबद्दल चाललंय.

मोरगिरीच्या वरच्या अंगाला, शेवटच्या घराच्या पडवीत
एकवीस वर्षं पलटणीच्या रायफली दुरुस्त केलेला माणूस
संध्याकाळी पोतं अंथरून बसायचा.
पुढ्यात रिकाम्या पुंगळ्या, चिंचेच्या कोळानं घासलेल्या,
हौसामामीच्या तांब्याहून लख्ख.
(तांब्याची पाळी शेवटी यायची. यावरून जे व्हायचं ते व्हायचं.)

एकेक उजेडाकडे धरायची,
मानेपाशी नख फिरवायचं.
"पितळ बी दमतं गं.
चार-पाच बार सोसतं, मग मान चिरती.
डोळ्याला दिसत न्हाय. नखाला कळतं."

मग पाटणच्या सोनाराकडून मोडीत घेतलेला काटा,
गुंजांची डबी,
आणि वाटीत राळं.
हो, राळं. घरी दारू भरायची कायद्यात मुभा नाही,
आणि मामा कायद्याचे.
पण हातांना कोण समजावणार?
ते गुंजेगुंजेनं राळं तोलायचे,
दाणा जास्त झाला तर चिमटीनं उचलायचे,
श्वास धरून पुंगळीत सोडायचे.
तोंडाला मेणाचा बोळा.
"झाला बार. आता डुकराला भात वाढा."

बाजारच्या दिवशी गुलाब मुल्ला यायचे, बाराबोरचे भक्त.
"छर्रा म्हंजे पंगत. सगळ्यांना थोडं थोडं."
"पंगतीत नेम कुठनं आला?"
एवढ्यावर दोन तास. चहावर साय.

एकदा मी मधेच म्हणाले, मला टू-टू आवडते.
साताऱ्यात एनसीसीला पाच झाडल्या होत्या,
दोन कागदाला लागल्या.
दोघं हसले नाहीत, हेच वाईट.
मामा म्हणाले, "गोड हाय ती. पण तिचा टोला काठावर.
उडाली की पुंगळी गेली, पुन्हा भरता येत न्हाय.
थ्री-नॉट-थ्रीला टोला मधोमध बसतो.
टोपी काढा, नवी घाला."
त्याच आठवड्यात मी सासरहून परत आले होते,
बॅग उघडलेली नव्हती.
मामांनी माझ्याकडे बघितलंही नाही.
काटा हलत होता, तो थांबायची वाट बघत होते.

रात्री डुकरं आली की कारखान्याचंच काडतूस,
तेही आभाळात.
शाळूतून काळं काहीतरी मोडत पळायचं
आणि मामा वहीत लिहायचे : एक खर्च.
निवडणूक लागली की रायफल ठाण्यात जमा,
पावती पंचांगात.
ते दोन महिने मामांना झोप कमी.

माघात गेले.
परवान्याचं आवरायला हवालदार आला.
वहीत पुंगळ्या चौदा. डब्यात चौदा.
त्यानं पहिलीचं मेण काढलं, उलटी केली :
पंचनाम्याच्या कागदावर राळ्याचा ढीग.
दुसरी. तिसरी.
चौदा ढीग, एकाच मापाचे.
कोंबड्या उंबऱ्याशी येऊन थांबल्या.
"हे काय?"
"तोलून भरलंय," मी म्हणाले.
दुसरं काय सांगणार.

मग त्याला मामी दिसली, वाकळ शिवत बसलेली.
मांडीशी एक पुंगळी, लांब, जुनी, कापसाचा बोळा लावलेली.
"ही पंधरावी. वहीत नाही."
"लग्नाच्या वर्षी आणली त्यांनी," मामी म्हणाली.
"सुया ठेवायला."

त्यानं ती हातात घेतली, बुडाकडे बघितलं.
मधोमध खड्डा. कुठल्या थंडीत बसलेला टोला, कोण जाणे.
लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.
मामीनं सुया तळहातावर ओतून घेतल्या होत्या,
हात तसाच पुढे,
मिटताही येईना.

बऱ्याच वेळानं त्यानं पुंगळी वाकळेवर ठेवली
आणि कागद अंगणात झटकला.
कोंबड्या धावल्या.