कुलूप कुणाचं

अहवालात एक रकाना असतो : निष्पत्ती.
तो मी नेहमी परतताना रिक्षात भरते, गुडघ्यावर.

जोगेश्वरीतली महापालिकेची शाळा, दुसरा मजला,
चौथीची बाकं.
एकवीस जण, कुणी एकोणिसाचं, कुणी चोविसाचं,
पाय कुठे ठेवावेत कळत नाही अशा बेतानं बसलेत.
फळ्यावर शनिवारचा सुविचार, अर्धाच पुसलेला.
पाळी ठरवायला लाकडी ठोकळा आणायचा होता,
तो घरीच राहिला,
म्हणून डस्टर फिरतोय हातोहात.
ज्याच्या हातात डस्टर, त्यानं बोलायचं.
इतरांनी फक्त कान द्यायचे.

नियम दोन मिनिटांत सांगून होतो :
समोरच्याचं म्हणणं आधी त्यालाच परत सांगायचं,
तो 'हो, हेच' म्हणेपर्यंत.
मग आपलं.
(घरी मला हे कधी जमलेलं नाही.
ते इथे सांगत नाही.)

निनाद घाडीगावकर म्हणतो,
तुमच्या गल्लीच्या तोंडाशी ते लोखंडी दार आहे ना,
त्यापायी बाबांना डायलिसिसला नेताना
अख्खा वळसा पडतो. रात्री तर विचारूच नको.

शिफा परकार परत सांगते : दारामुळे तुला राग येतो.
'नाही.'
रिक्षाचे पैसे जास्त जातात.
'जातात. पण ते नाही.'
मागच्या बाकावर चुळबुळ.
डस्टर तिच्या मांडीवर, ओढणीला खडूचा डाग.
मग ती खाली बघत म्हणते,
दार उघडं असलं तरी
रात्री आमच्या गल्लीतून यायची तुला भीती वाटेल.

'मी भीती म्हणालो नव्हतो.'
पंखा तेवढा कुरकुरतो.
'पण असू दे. हो. हेच.'

आता तिची पाळी.
आम्ही त्या दाराशीच खेळायचो, ती म्हणते,
चेंडू पलीकडे गेला की गेला.
अम्मी म्हणायची, मागायला जायचं नाही.
आणि कुलूप तर तुम्हीच घातलंय.

निनाद परत सांगायचं विसरतो.
मी अडवत नाही.
'आम्ही? कुलूप तुमचं आहे!'

वर्गात दोन्हीकडची मिळून सात पोरं.
सातही घरांत किल्ली पलीकडच्यांकडे आहे.
तीस वर्षं.
कुणीतरी फिसकन हसतं,
एकटंच पडतं.
दार का लागलं ते प्रत्येकाला घरी सांगितलेलं आहे,
आणि ते आज कुणी बोलणार नाही.
माझ्या वहीत पुढचा खेळ लिहिलाय, 'विश्वासाची साखळी'.
मी वही मिटते. चहा मागवते.

जिन्यात शिफाचा आवाज :
ते चेंडू आहेत का रे अजून?
'पत्र्यावर असतील. काळे पडलेले.'
कुणीतरी म्हणतं, कुलपाला खोबरेल लागेल,
कुणीतरी म्हणतं, खोबरेलानं नाही निघत, करवत आण,
आणि तिथेच दोघांचं जुंपतं.

रिक्षात मी लिहिते : चर्चा समाधानकारक.
खोडते.
लिहिते : करवत की तेल, मतभेद.
सिग्नल सुटतो, अक्षर हलतं,
तसंच ठेवते.