छपरातल्या चार नळ्या

डेन्झिल ट्रेगेन्झाच्या छपराला मी चार भोकं पाडली
जुलैच्या एका सकाळी.
जुलै म्हणजे इथला हिवाळा,
ऊन उत्तरेकडून येतं, तेही कललेलं.
पत्रा इतका जुना की करवत टेकताच
तांबूस भुगा उडून नाकात बसला.
खालून म्हातारा ओरडला,
"सरळ पाड रे, तिरकी विहीर खणतं का कुणी?"

ब्रोकन हिलपासून समुद्र
मोटारीनं अख्खी सकाळभर लांब,
आणि प्रवाळांचा समुद्र तर दोन मुक्कामांपलीकडे.
आडात नाही ते पोहऱ्यात आणायचा हट्ट म्हणा.
नळाचं पाणी आधी गाळून गाळून निर्जीव करायचं,
मग त्यात गोणीतलं मीठ कालवायचं.
लोर्ना म्हणते, "याला काम नको असतं असं नाही,
संपणारं काम नको असतं."

इतकी वर्षं दिवे होते. निळे-पांढरे, तापणारे.
विजेचं बिल आलं की लोर्ना ते फ्रिजवर लावायची,
मासोळीच्या आकाराच्या चुंबकाखाली.
डेन्झिल बोलायचा नाही.
एकदाच म्हणाला,
"एकतीस वर्षं कपाळाला दिवा बांधून उतरलो.
दिव्यानं शिसं चमकतं, डब्याचं झाकणही तसंच चमकतं."

नळी आतून आरशासारखी.
ऊन तिच्यात शिरतं आणि भिंतींना आपटत येतं,
जिना उतरणाऱ्या पोरासारखं,
एकही पायरी धड न टाकता.
दुपारी बारा वीसला टाकीवर चार चकत्या पडल्या,
छतावर पाणी हलायला लागलं,
आणि मोठ्या शिंपल्यानं आपला निळा ओठ
हळूच मागे ओढला.

"पुरे," डेन्झिल म्हणाला, "आता झाक."
मला वाटलं, चुकलं काही.
पण तो लोर्नाच्या जुन्या पडद्याची जाळी घेऊन उभा.
पहिला आठवडा दुहेरी, मग एकेरी, मग उघडं.
"खालच्या पाळीतून वर आलं की
दाराशी जरा थांबायचं असतं.
डोळ्यांना कुणी सांगायला हवं ना, दिवस आहे म्हणून."

ऑक्टोबरात धुळीची वावटळ आली.
घुमट लाल झाले, टाकी चहासारखी दिसायला लागली.
शहात्तराव्या वर्षी हा शिडीवर,
एका हातात बादली,
खाली लोर्ना शिडी धरून शिव्या देत.
तेव्हापासून वावटळ गेली की मीच जातो.
पैसे घेत नाही.
"योसिप, आधी खा," असं ती म्हणते,
म्हणून मनुकांचा केक घेतो.

नोव्हेंबरात, पौर्णिमेनंतर चार-पाच रात्रींनी,
साडेदहाला फोन.
"ये. बूट काढून ये. दिवा लावू नकोस."
बोळ अंधारा. पंप बंद केलेला.
लोर्ना स्टुलावर, गाऊनमध्ये.
प्रवाळातून गुलाबी मणी सुटत होते,
मोहरीएवढे, एकेक, मग मूठभर,
पाण्यातून वर, वर,
जणू खालीच कुणी उलटा पाऊस लावला होता.
डेन्झिल बराच वेळ काचेला नाक लावून.
"मला चंद्राचं सुचलंच नव्हतं," तो म्हणाला.
"मी ऊन मागवलं होतं."

नळीला काय कळतं?
वरून आलं ते तिनं खाली सोडलं.
रोज थोडं मोठं, रोज थोडं लहान,
आणि या बिनसमुद्राच्या घरात
कुणीतरी ते मोजत बसलं होतं.

सकाळी टाकी नासली.
उग्र वास, काचेवर साय.
अर्धं पाणी उपसावं लागलं,
मी बादल्या ओढल्या, तो मागून नळी धरून
"सांडतंय, सांडतंय" करत.
मागच्या अंगणात ओतलं सगळं.
दुपारपर्यंत लाल मातीवर पांढरा पोपडा धरला.
शेजारचा कुत्रा आला, हुंगलं त्यानं,
एक कोपरा चाटला,
आणि पाण्याच्या भांड्याकडे धावत सुटला.