एक इंच संध्याकाळ

पितळी पट्टीवर कोरलंय: बंदर, संध्याकाळ.
सही कुणाची, ते आमच्या नोंदवहीलाही ठाऊक नाही.
सयाजीबागेत कुठेतरी मोर ओरडतो,
मी काडीला कापूस गुंडाळते, जिभेवर टेकवते.
धूळ थुंकीनं निघते. व्हार्निशला मात्र स्पिरिट लागतं.

इतक्या जवळून इथे बंदर नाहीच.
निळ्याशेजारी नारिंगी, न मिसळता,
भांडलेल्या जावा एका ओट्यावर.
डोलकाठी म्हणजे ओल्या रंगात
ब्रशच्या उलट्या टोकाचा ओरखडा.
लाटांची चमक तर त्यानं रंगवलीच नाही,
तिथे कापड कोरं सोडलंय.
आणि धक्क्यापाशी, रंगात रुतलेला, वाळूचा एक कण.
म्हणजे वारा होता.
म्हणजे हा माणूस खरंच उभा होता तिथे, आणि घाईत होता.

"अकरा पावलं मागे या," रखवालदार पायगुडे म्हणतात,
"मग पाणी हलतं."
एकोणतीस वर्षं समोरच्या स्टुलावर.
खंबायत इथून दोन तासांवर, पण त्यांनी समुद्र पाहिला तो हाच.
पाचच्या घंटेला पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन
या पिवळ्या पाण्यावर येतं,
आणि सहलीच्या पोरांना ते सांगत आले:
बघा, होड्या घरी चालल्यात.

तिसऱ्या दिवशी पिवळं कापसावर उतरलं,
चहाच्या डागासारखं.
खालून निघालं थंड, राखी-गुलाबी,
आतून काकडीसारखं ओलं आभाळ.
होड्या पाण्यावर उंच.
मासळी भरलेली होडी अशी तरंगत नाही.
या रिकाम्या आहेत. या निघाल्यात.

पायगुडे अकरा पावलांवर उभे राहिले.
मग सात.
मग थेट नाक लावून,
जे ते कुणालाच करू देत नाहीत.
"सकाळ आहे ने ही."
जरा वेळानं, "मग मी काय सांगत होतो इतकी वर्षं?"

फटकाऱ्यांबद्दल मला तासभर बोलता येतं.
याला उत्तर नव्हतं.
काडी बदलली, दुसरा कापूस घेतला.

खाली डावीकडे, चौकटीला लागून,
एक इंच मी तसाच ठेवला.
फाइलीत लिहिलं: जुन्या थराचा नमुना.
तिथे नखाएवढी एक होडी आहे
आणि तिच्याभोवती अजून पाच वाजलेत.

पट्टी बदलायची तर अर्ज लागेल, तीन प्रतींत.
पायगुडे म्हणाले, पुढच्या महिन्यात रिटायर होतो मी,
तोवर राहू द्या ने.