खिळा, तिसरा मजला

मंगळवारी पाडायची होती गिरणी,
म्हणून शुक्रवारी मला बोलावलं.
परवानगीच्या कागदांना जोडायला
पाच बाय सातच्या बावीस निगेटिव्ह लागतात.
नियम साधे:
उभ्या रेषा उभ्याच राहाव्यात,
मोजपट्टी दिसावी,
माणूस दिसू नये.

हार्लन क्रीक, पेनसिल्व्हेनिया.
इथे बाप कोळसा खणायचे, पोरी रेशमाला पीळ घालायच्या.
बाप जमिनीखाली, पोरी तिसऱ्या मजल्यावर;
मधल्या उंचीवर, घरात, कोण असायचं
ते विचारायचं राहिलंच.

काळ्या फडक्याखाली डोकं घातलं
की दुधी काचेवर सगळं उलटं.
तेल पिऊन काळवंडलेली मेपलची फरशी वर,
तुळया खाली,
आणि दोन कबुतरं डोकं खाली करून
निवांत चालतायत.
इतक्या वर्षांनी मी ते मनात सुलटं करत नाही.
उलट्या इमारतीतली चूक लवकर सापडते.

यंत्रं कधीच भंगारात गेली.
त्यांच्या पायांचे फिकट चौकोन तेवढे उरलेत,
भिंतीवरची तसबीर काढल्यावर उरतो तसे.

ड्वेन पहारेकऱ्यानं तिला वर सोडलं कसं, कोण जाणे.
पारास्का ह्रिन्को.
हजेरीपटात पर्ल,
कारण मुकादमाची जीभ पारास्काला अडखळायची.
ऐंशीला टेकलेली, चर्चला जाताना घालतात तसा कोट,
हातात पर्स.
"सातवा खांब घेतलास का?"

सातव्या खांबात एक खिळा होता.
माझ्या यादीत नव्हता.
"वय कोण विचारतंय," ती म्हणाली,
"खिळा विचारायचा.
डोकं टेकलं की सोळा वर्षांची.
मी तेरा. बुटात वर्तमानपत्राच्या घड्या.
पहिल्या पगाराला आईनं आधी माझे बूट सुकवले
आणि मग पैसे मोजले."

मग ती खांबाला पाठ लावून उभी राहिली,
शाळेत उभं करतात तशी, हनुवटी वर.
खिळा तिच्या डोक्यावर चार बोटं.
"बघ," ती म्हणाली, "आता परत घेणार नाहीत मला."
मी हसले नाही. तीही नाही.
कबुतरांनी काहीतरी पाडलं पलीकडे.

माणूस चालत नाही फोटोत, मी म्हणाले.
फरशी उताराची, मोजपट्टी मात्र ठरेना.
"मी धरते. चौकटीच्या बाहेरून."
वीस सेकंद, श्वाससुद्धा हळू, मी बजावलं.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की मला उगाच बजावल्यासारखं झालं.
तुटलेल्या धाग्याला धागा जोडत
जिची बोटं अकरा वर्षं दहा-दहा तास उभी होती,
तिला मी वीस सेकंद शिकवत होते.

त्यानंतर खिडक्या घेतल्या,
युद्धाच्या वेळी फासलेला निळा रंग अजून कोपऱ्यांत;
पगाराची खिडकी, जिना, मालवाहू लिफ्टचं चाक.
पेटीतली पक्कड मधे थोडा वेळ जागेवर नव्हती.
नंतर होती.

रात्री तबकात निगेटिव्ह पांढरटातून वर आली.
काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या काठीवर
डाव्या कडेला चार बोटं.
नखांपर्यंत रेखीव. जराही हललेली नाहीत.
कापता आली असती कड.
मी नोंद लिहिली:
तिसरा मजला, सातवा खांब, ईशान्येकडे पाहताना.
खिळा, उंची चार फूट दहा इंच.
बोटांसाठी त्या कार्डावर रकाना नाही.

ही फिल्म पाचशे वर्षं टिकते म्हणतात,
थंड खोलीत, आम्ल नसलेल्या पाकिटात.
तिथे आता टायरचं दुकान आहे.

एक गोष्ट पाकिटाबाहेर सांगते.
चौदा नंबरच्या निगेटिव्हमधे खिळा आहे.
एकोणीसमधे तोच खांब, दुरून,
आणि खिळ्याच्या जागी
बारीकसं भोक.
तपासणाऱ्यानं फोन करून विचारलं होतं.
मी म्हणाले, प्रकाश बदलला असेल.