दोन महिने खरा

पिवळा ऑइलपेंट, अर्ध्या लिटरचा डबा,
दोन इंची ब्रश, आणि खात्याच्या कागदावर एक ओळ :
कासच्या सड्यावरून बामणोलीच्या पाण्यापर्यंत
दर वळणाला एक बाण.
वाट दाखवायला भागाबाई ढेबे,
पायात टायरच्या चपला,
डोक्यावर पोत्याची घोंगशी, ऊन असूनही.

विचारलं, वाट कुठून सुरू होते?
सुरू कशाला होतीया, ती म्हणाली,
म्हस सुटली की वाट सुटती.

पहिले चार बाण झकास निघाले.
मग सडा.
नुसता जांभा, आणि जांभ्यावर बोटभर पाणी,
आश्विन लागला तरी मुक्काम न हलवलेलं.
पाऊल टाकलं की जमीन आवंढा गिळते,
उचललं की खळगा हळूच भरून येतो
आणि आपण तिथे आलोच नव्हतो.
गेंदाचे पांढरे ठिपके, शर्टाच्या बटणाहून लहान,
मधे जांभळी सीतेची आसवं.
फोटोसाठी वाकलो तर ती ओरडली :
बाजूला हो. जेवण चाललंय.
त्या फुलांच्या मुळाशी बारक्या पिशव्या असतात,
पाण्यातले किडे आत ओढून घेतात,
हे मी पुस्तकात वाचलं होतं.
तिला ते ठाऊक होतं,
की ती माझ्या मागे चरणाऱ्या म्हशींबद्दल बोलत होती,
हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

ओल्या दगडावर रंग धरेना.
बाण काढावा, तर तो ओघळ होऊन
उताराने निघून जायचा,
बरोबर तिकडेच, जिकडे जायचं होतं.

खाली रान. अंजनीची बुटकी गर्दी, दुपारीच संध्याकाळ.
तिने वळणांची नावं सांगितली उलटीकडून,
घरी परतताना लागतात तशी :
गाभणीचा दम.
धाकलूचा चष्मा.
हिरड्याखालचं भांडण.
कुणाचं भांडण?
मिटलं की कवाच. नाव ऱ्हायलंय.
झाडाला रंग लावू दिला नाही तिने.
साल फुगती, म्हणाली, बाणाचा पंजा हुतो,
मग माणसं पाची बाजूला जात्यात.

अकरावा बाण करवंदीच्या जाळीपाशी,
आणि पुढे एकदम शिवसागर,
इतका निवांत, की पलीकडचा डोंगर
त्यात उलटा पडून पाठ शेकत होता.
पण वाट थांबली नव्हती. नीट पाहिलं.
कडेला दगड लावलेली, बैलजोडी जाईल एवढी रुंद,
गुडघाभर पाण्यात स्पष्ट,
कमरेएवढ्यात हिरवी,
मग नाही.

कागदावर होतं : इथून डावीकडे, बोटीच्या धक्क्याकडे.
ब्रश बुडवला. ती म्हणाली, सरळ काढ.
सरळ पाणी आहे, बाई.
मे म्हयन्यात नसतंय.
तवा आमी जातो पल्याड, चपला हातात घिऊन.
पोटरीएवढा गाळ, पर वाट खालीच असती.
ती कुठं जातीया?

दोन महिने खरा आणि दहा महिने खोटा
असा बाण कुठल्या रकान्यात भरायचा,
मी विचार करत उभा.
एक पाणकावळा बुडाला
आणि बऱ्याच वेळाने
भलतीकडेच वर आला.

मग दोन्ही काढले.
डावीकडचा मोठा.
सरळ जाणाऱ्याला रंग जेमतेम पुरला,
त्याचं टोक तिने बोटाने ओढलं
आणि बोट त्याच दगडाच्या पाठीला पुसलं.
अहवालात मी बाराच लिहिले.
रिकामा डबा तिने मागून घेतला, मिरचीच्या रोपाला.

रात्री साताऱ्याच्या स्टँडवर
मोजा ओला लागला म्हणून काढला,
तर घोट्याजवळ जळू, तट्ट फुगलेली, समाधानी,
सड्यापासून इथवर नीट आलेली.
तिला कुणी काहीच दाखवलं नव्हतं.