अठरा, एकोणीस, वीस

सुगत रंगारी इंदोऱ्याहून आला भर दुपारी,
तोंडाला दुपट्टा, पाठीवर गिटार,
डाव्या हाताच्या बोटाला चिकटपट्टी.
"ताई, हे चावून रायली मले."

मी फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला.
खरंच दात फुटले होते तिला.
मे महिन्यात आमच्याकडे लाकूड अंग चोरतं,
धातू चोरत नाही.
धुऊन आटलेल्या शर्टातून मनगटं उघडी पडावीत
तशी पडद्यांची टोकं बाहेर.

पडदा म्हणायची माझी सवय जुनी,
सतारी दुरुस्त करायचे तेव्हाची.
पोरं फ्रेट म्हणतात.
घासायला दोन्ही सारखेच.

कूलर जवळ ओढला,
पोलादी पट्टी फळीवर उभी धरली
आणि खालून उजेड कुठे येतो ते पाहिलं.
उजेड येतो तिथे पडदा कमी.
पहिल्या तिघांवर नुसती सकाळ झाली होती.

दुसऱ्यावर तर नख बसेल एवढा खड्डा.
सी, जी, डी, परत सी.
एप्रिलभर रोज रात्री नवा मांडव,
घामेजलेली बोटं, त्यावर गुलाल.
काय वाजवलं ते सगळं वाचता येत होतं.

"आधी कोणी घासले?"
"बर्डीवर एकानं. दीडशे घेतले."

तीनच घासले होते त्याने,
दुखतं तिथंच.
वर गोलाई नाही, पाटासारखे सपाट,
आता कानस फिरवावी एवढी उंचीसुद्धा नाही.

"नवी तार टाकू? जर्मन सिल्व्हर. बावीसशे."
"बाप्पा!"
मग बराच वेळ कूलरचं पाणीच बोललं.
"उद्या कामठीत प्रोग्राम आहे, ताई."

कानस माझी नव्हे, बाबांची.
मोतीबागच्या कारखान्यात ते फिटर,
छोट्या लाईनचे.
शाळा सुटली की भंगाराचा तुकडा शेगड्यात आवळून द्यायचे:
पुढं जाताना कापते ती. येताना उचल.
ओढत आणलीस तर तिचेच दात जातील.
लाईन उखडली तेव्हा ते पाहायला गेले नाहीत.
मी गेले.
रूळ ट्रकमध्ये पडताना
गिटारच्या सगळ्यात जाड तारेसारखा आवाज आला,
कोणी नीट न दाबलेल्या.

पट्टी वर सरकवली. अठरा, एकोणीस, वीस:
कंपनीतून निघाले तसेच, कोवळे, चकचकीत.
"इथं कधी येतोस?"
तो हसला. "तिथं माझं काय काम?"

सोल्डरगन टेकवली, पक्कडीने एकेक उचलला,
श्वास धरून, एक चिपटी उडू न देता.
वरचा पडदा लांब, खालची जागा अरुंद.
कापला की बसतो.
खालचा वर नेता येत नाही.

हातोडी, प्लास्टिकच्या तोंडाची. टक, टक.
पडद्यांच्या माथ्यावर मार्करची काळी शाई,
मग कानस. पुढं. उचल. पुढं. उचल.
सगळ्यांची शाई एकदम गेली तेव्हा थांबले.
माथे गोल केले, दात काढले,
चारशेचा कागद, हजारचा, दोन हजारचा,
शेवटी जवसाच्या तेलाचा बोळा. कोरडी फळी ते घटाघट प्यायली.
वरच्या तीन खाचांत सागाची पातळ पट्टी.

त्याने सी धरला.
खरखर नाही.
जी. डी. पुन्हा सी, उगाचच, तीनदा.
मग बोट वर सरकत सरकत गेलं
आणि जिथे काहीच नव्हतं तिथे फिरत राहिलं.
"ताई, अन् कधी इकडं याव वाटलं तर?"

काऊन नाही वाटणार, म्हणणार होते.
म्हटलं नाही.
उधारीची वही उघडली,
त्याच्या नावापुढे रक्कम न घालता लिहिलं:
अठरा, एकोणीस, वीस. बाकी.